त्याला टॉनिक म्हणायचे

९ जानेवारी

मामा,

काल फोन ठेवला आणि पाच मिनिटं हसत बसले. मी ओरडतेय, "गळवं, मामा, गळवं!" आणि तू म्हणतोस, "अगं, कळव की, कोण नको म्हणतंय!" दवाखान्यातले पेशंट खिडकीतून डोकावून बघायला लागले. तुझं ते कानातलं यंत्र शिट्ट्या मारायलाच घेतलंयस का? म्हटलं, आता कळवतेच, पण लिहून.

तर गळवं. आमच्या दवाखान्याच्या दोन खोल्या तुला सांगितल्यात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस नर्सही मीच, कंपाउंडरही मीच आणि झाडूवालीही मीच. तीन महिन्यांपासून मी एक वही ठेवलीय. आजवर त्यात गळवांचे आणि चिघळलेल्या जखमांचे एकेचाळीस पेशंट झालेत. एवढ्याशा गावात! त्यातले निम्म्याहून जास्त कोंबड्यांच्या शेडवर कामाला जाणाऱ्यांच्या घरचे. आणि आधी जी गोळी पाच दिवसांत गुण द्यायची, ती आता दोनदा पूर्ण दिली तरी पू थांबत नाही.

माझ्या भिंतीला भिंत लागून शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात. शेडच्या फाटकाशीसुद्धा त्या कधी गेल्या नाहीत. फक्त कामगारांचे एप्रन दुरुस्तीला येतात, ते मांडीवर घेऊन शिवतात. बरोबर तिथेच, मांडीवर, लिंबाएवढं गळू झालंय. तीन आठवडे मी रोज साफ करतेय. त्या दात आवळून म्हणतात, "तू कर गं, मी ओरडले तर मशीनचा आवाज समज."

शेडचे पंखे आमच्या बाजूला वारा फेकतात तेव्हा डोळ्यांत चरचरतं. शाळेच्या बाई खिडक्या लावून शिकवतात. चहाचा कप झाकल्याशिवाय खाली ठेवता येत नाही, इतक्या माश्या.

तुझे जावई बारापैकी चार शेड सांभाळतात. त्यांना विचारलं, कोंबड्यांच्या पाण्यात ती पावडर कसली घालता? म्हणाले, "टॉनिक." मला काही ते पटलं नाही. तुझं आयुष्य जनावरांच्या औषधात गेलं. नंतर कंपनीत खाद्याचंही तूच बघायचास. तू सांग, कोंबड्यांना काय देतात? ते माणसांपर्यंत येतं का?

तुझी,
मुंगी

*

१८ जानेवारी

प्रिय मुंगी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कान गेल्यापासून पत्र हाच माझा रेडिओ. तू लहानपणी पडलेल्या चिमणीलाही पट्टी बांधायचीस, तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, ही पोरगी स्वस्थ बसायची नाही.

आता कामाचं. कामगारांना सांग, शेडवरचे कपडे घरात आणायचे नाहीत. फाटकाशी बदलायचे, वेगळे धुवायचे. हात साबणानं, कोपरापर्यंत. पाणी उकळून प्यायचं. वहिनींनी एप्रन आधी गरम पाण्यात टाकावेत, मग शिवावेत. गळू पूर्ण पिकल्याशिवाय दाबू देऊ नकोस. आणि तिसऱ्या शेडमागच्या खड्ड्याकडे तू फिरकू नकोस. मेलेल्या कोंबड्या तिथेच टाकतात, माश्यांचं माहेर तेच.

पावडरीचं म्हणशील तर जागोजागी वेगळं असतं. जीवनसत्त्वं असतील, क्षार असतील. टॉनिकच म्हण. त्यात फार खोल शिरू नकोस. जावईबापूंची नोकरी तिथली, अर्ध्या गावाची चूल त्या शेडवर पेटते. तू प्रश्न विचारशील आणि लोक म्हणतील, ही आमच्या पोटावर पाय द्यायला निघाली. हात दाखवून अवलक्षण कशाला?

फोनवर तू 'घरी ये' म्हणालीस. येईन गं. गुडघा जरा ऐकायला लागू दे. सध्या कान आणि गुडघा, दोघंही माझं ऐकत नाहीत.

तुझा,
मामा

*

३० जानेवारी

मामा,

तुझ्या पत्रानं एक काम झालं. फाटकापाशी पाण्याचा नळ आणि साबण ठेवायला जावयांनी मॅनेजरला राजी केलं. पहिल्या दिवशी सगळे हसले. आता बायका ओळीनं हात धुतात. वहिनींनी तर कामगारांना तंबीच दिली, "न धुतलेला एप्रन आणलात तर बटणं उलटी लावीन."

पण गुण नाही. वहीत आता अठ्ठावन्न झालेत. वहिनींचं गळू फुटलं, आणि शेजारी दुसरं वर आलं.

आणि तू रे, लबाडा! तिसऱ्या शेडमागच्या खड्ड्याचं मी तुला कुठे लिहिलं होतं? वाचून दचकलेच. मग लक्षात आलं, जावयांनी फोनवर सांगितलं असणार. मामा-जावई माझ्या पाठीमागे गप्पा मारतात तर. बरं वाटलं, खरं सांगते. सहा वर्षं झाली लग्नाला आणि तू एकदाही घरी आला नाहीस, म्हणून त्यांच्या मनात कुठेतरी होतं, की मामांना आपण पसंत नाही.

घरात मात्र सध्या अबोला आहे. मी मॅनेजरला सरळ विचारलं, पाकिटावरचं नाव दाखवा. तो म्हणाला, "ताई, तुम्ही माणसं बघा, कोंबड्या आम्ही बघतो." हे घरी आल्यावर भांडले. म्हणाले, "तू उंटावरून शेळ्या हाकतेस. तुला काय माहीत, एका शेडमध्ये रोग शिरला की चार दिवसांत वीस हजार पक्षी आडवे होतात. मग आम्ही सगळे घरी." तेही खोटं नाही, मामा. मी त्यांचे हात बघितलेत. सकाळी पिल्लांना उचलून ऊब आहे का बघतात तेव्हा कसे हलके असतात ते हात.

परवा खाद्याच्या भांड्याचा पत्रा लागून त्यांचा उजवा हात कापलाय, करंगळीखाली. मी पट्टी बांधली, तेव्हाही बोलले नाहीत.

तुझी मुंगी

*

१६ फेब्रुवारी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून

मामा,

तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं तू आजारी आहेस, काळजी करत होते.

ह्यांचा हात पंधराव्या दिवशी कोपरापर्यंत सुजला. ताप चढला. इथे मोठ्या हॉस्पिटलात आणलंय. तीन दिवस झाले, इंजेक्शनं चालू आहेत, ताप उतरत नाही. जखमेचा नमुना बाहेरगावी तपासायला गेलाय, त्याला अजून चार दिवस लागतील. डॉक्टरबाई चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "शेडवर पक्ष्यांना कुठली औषधं देतात? ते कळलं तर तीच औषधं वापरून मी वेळ घालवणार नाही." ह्यांना विचारलं. ग्लानीत म्हणाले, "टॉनिक." मामा, त्यांना खरंच माहीत नाही. त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं.

काल मी शेडच्या ऑफिसात गेले. मॅनेजर नव्हता. भिंतीवर तक्ता आहे, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, हातानं लिहिलेल्या कागदाची प्रत. पहिला आठवडा काय, चौथा आठवडा काय, टाकीत किती चमचे. औषधाच्या जागी नुसते आकडे आहेत, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. खाली सहीच्या जागी कागद फाटलाय.

सही नसली म्हणून काय झालं? 'ळ' चं शेपूट असं वर वळवून कोण काढतं ते मला माहीत आहे. वयाच्या सातव्या वर्षापासून मी त्या अक्षरातली पत्रं वाचतेय.

तुला खड्डा जावयांनी सांगितला नव्हता.

आत्ता मला काही विचारायचं नाही. एक, दोन आणि तीन नंबर म्हणजे काय, तेवढं लिहून दे. फोनवर तुला ऐकू यायचं नाही आणि औषधाचं नाव चुकून चालणार नाही. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो दुपारी परत इकडेच येतो. तो दारात थांबेल.

*

१६ फेब्रुवारी

मुंगी,

सोबतचा कागद डॉक्टरबाईंना दे. तिन्ही नावं, मात्रा, किती दिवस, सगळं लिहिलंय. दोन नंबर आणि जावयांना बहुधा जे इंजेक्शन देत असतील ते, दोन्ही औषधं एकाच घराण्यातली. ते इंजेक्शन चालायचं नाही. तीन नंबर माणसांसाठी राखून ठेवायचं औषध आहे. त्याबद्दल काय करायचं ते त्या ठरवतील. त्यांना म्हणावं, हे लिहिणाऱ्यानंच तो तक्ता बनवला, त्यामुळे शंका घेऊ नका.

ड्रायव्हर दारात उभा आहे. मी उद्या पहिल्या बसनं निघतो.

मामा

*

११ मार्च

प्रिय मुंगी,

हॉस्पिटलात दोन दिवस मी बाकावर बसून होतो. तू चहा आणून ठेवायचीस, कपावर बशी झाकायचीस आणि निघून जायचीस. बोलली नाहीस ते बरं केलंस. बोलली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं, आणि नुसते ओठ हललेले बघवले नसते.

औषध बदलल्यावर तिसऱ्या दिवशी ताप उतरला, हे डॉक्टरबाईंनी मला पाटीवर लिहून दाखवलं. दोन बोटं काढावी लागली, हेही त्यांनीच लिहिलं. मी मग बसस्टँडवर गेलो. जावईबापूंच्या समोर उभं राहायची हिंमत झाली नाही.

आता सगळं सांगतो. तुला आधीच सांगायला हवं होतं.

मी कंपनीत नुसतं खाद्य बघत नव्हतो. अकरा वर्षं त्यांच्या सगळ्या शेडचा डॉक्टर होतो. तुझ्या गावातले बारा शेड उभे राहिले तेव्हा पहिल्या वर्षी तिथे रोग आला. चौथ्या शेडमध्ये मी शिरलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, इतके पक्षी मेले होते. कामगार बायका रडत होत्या. कोंबड्यांसाठी नाही, काम जाणार म्हणून. मी औषध लिहून दिलं, सात दिवसांसाठी. रोग थांबला. लोकांनी मला अक्षरशः डोक्यावर घेतलं. वर्षानुवर्षं गायी-म्हशींमागे धावलो, असा मान कधी मिळाला नव्हता.

मग वरचे साहेब म्हणाले, रोग आल्यावर देता, तर येण्याआधीच का नाही? थोडं थोडं, प्रत्येक खेपेला? पक्षी मरतही नाहीत आणि वजनही लवकर भरतं. मला माहीत होतं की हे चूक आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात: थोडं औषध रोज द्याल तर दुबळे जंतू मरतील आणि दांडगे उरतील. तरी मी तक्ता लिहिला. म्हटलं, एक वर्ष करू, मग बंद करू. नावांऐवजी आकडे घालायला मीच सुचवलं, कामगारांचा घोळ होऊ नये म्हणून. आणि त्यांनी विचारलं की 'टॉनिक' म्हणायचं, हेही मीच सांगितलं.

शेवटच्या वर्षी शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरतात त्या भुशाची तपासणी झाली. तिन्ही औषधांना दाद न देणारे जंतू त्यात सापडले. तो भुसा खत म्हणून शेतात जातो, शेतातून विहिरीत झिरपतो, कामगारांच्या चपलांना लागून घरात जातो. अहवाल माझ्या टेबलावर आला. मी तो वर पाठवला. वरून कोणी ताकास तूर लागू दिली नाही. मी पुन्हा विचारलं नाही. चार महिन्यांनी निवृत्त झालो, माझ्या नावाचा समारंभ झाला, भाषणं झाली.

पुढच्या वर्षी तुझं लग्न ठरलं. मुलगा काय करतो विचारलं तर तुझी आई म्हणाली, कोंबड्यांच्या शेडवर नुकताच लागलाय. कुठल्या गावात, तेही सांगितलं. मुंगी, माझा गुडघा कधीच एवढा दुखत नव्हता.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला लगेच कळलं होतं. हात धुवायला सांगून मी वेळ मारून नेली. तेव्हाच ही तीन नावं लिहिली असती तर जावईबापूंच्या हातांना दहाही बोटं असती. हे मी रोज मोजतो.

त्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. तुमच्या गावात सभा घ्या. मी सगळ्यांसमोर सांगेन. तू नको म्हणालीस तर प्रत पोस्टानं पाठवतो, तुमच्या डॉक्टरांकडे दे.

मामा

*

२० मार्च

मामा,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही. त्यांच्या बोटांचा प्रश्न होता, त्यांना ऐकायचा हक्क होता.

ते म्हणाले, "माझ्या हातानं टाकीत ओतलंय मी सहा वर्षं. चमचे मोजून." मी म्हटलं, तुम्हाला कुठे माहीत होतं. तर म्हणाले, "विचारलं पण नाही ना."

मला तुझा राग आलाय. खोटं लिहीत नाही. हात धुताना येतो, वहिनींची पट्टी बदलताना येतो. मग आठवतं की वडील गेल्यावर पहिल्या दिवशी शाळेत सोडायला तू आला होतास आणि दिवसभर फाटकाबाहेर उभा राहिला होतास. तो मामा आणि तक्ता लिहिणारा मामा एकच, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही.

गावात तर माझं नाव काढलं की काही घरं दारं लावून घेतात. मॅनेजरनं सांगितलंय, नर्सबाई गप्प बसल्या नाहीत तर कंपनी शेड बंद करून दुसरीकडे जाईल. ज्या बाया ओळीनं हात धुवायच्या त्यातल्या दोघी परवा मला रस्त्यात आडव्या आल्या. एक म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची दोन बोटं गेली, आमचं सगळंच घालवणार का?" तिच्या नातीच्या मानेवरचं गळू त्याच सकाळी मीच धुतलं होतं.

रविवारी, पाच एप्रिलला, सकाळी दहा वाजता शाळेत सभा आहे. ये. पण माझी माफी मिळावी म्हणून येऊ नकोस. ती मिळेल की नाही, मला माहीत नाही. त्यांना सांगायला ये.

मुंगी

*

६ एप्रिल

मामा,

काल तू बोलून लगेच बसकडे निघालास. तुझं यंत्र बंद पडलेलं, मी बघत होते. लोक बोलत होते आणि तू त्यांच्या तोंडाकडे बघून मान हलवत होतास. तुला एक शब्दही कळला नाही. म्हणून कोण काय म्हणालं ते लिहितेय.

तू उभा राहून अहवाल वाचलास आणि "टॉनिक हा शब्द माझा" म्हणालास, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आता सांगायला आलाय म्हातारा!" बरेच जण हसले. तू त्यावरही मान हलवलीस.

मॅनेजर म्हणाला, हे निवृत्त गृहस्थ आहेत, जुन्या गोष्टी आहेत. मग हे उभे राहिले. यांना बोलायची सवय नाही, तुला माहीतच आहे. पट्टी बांधलेला हात वर केला आणि म्हणाले, "जुनी नाही. परवा शेड दोनमध्ये पोरांनी टाकली. आम्हाला नुसते नंबरचे डबे मिळतात, पाकीट मी ऑफिसमागच्या कचऱ्यातून आणलंय." आणि खिशातून रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. शाळेच्या बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं, मग तुझ्या कागदावरचं वाचलं. दोन नंबरचं. तेच ते.

मग ती बाई उठली, नातीवाली, रस्त्यात मला अडवणारी. मला वाटलं, आता ही मला धुऊन काढणार. ती मॅनेजरकडे वळली. म्हणाली, "काम बंद करा असं कोण म्हणतंय? पावडर बंद करा म्हणतोय. कोंबड्या मरू नयेत म्हणून शेड झाडतो, पाणी बदलतो, गर्दी कमी ठेवा म्हणून दहा वेळा सांगतो. ते तुम्ही करत नाही. एका खोलीत वीस हजार कोंबता आणि वर औषध पाजता. आम्ही काय तुमच्या कोंबड्या आहोत?"

नंतर वहिनी. त्या बसूनच बोलल्या, मांडीमुळे उठता येत नाही. तुझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "या माणसानं वाईट केलं. पण याच्याजवळ कागद होता आणि यानं तो आणला. बाकीच्यांच्या कपाटात काय काय असेल देव जाणे." त्यांची मला आता काळजी नाही. नवीन औषधानं दुसरं गळूही सुकतंय.

काय ठरलं ते सांगते. कंपनीनं लिहून दिलं की तीन नंबर आजपासून बंद, आणि एक आणि दोन फक्त रोग आल्यावर, पशुवैद्यानं सही केल्यावर. दर शेडमध्ये पाच हजार पक्षी कमी. भुसा विहिरींच्या बाजूच्या शेतात टाकायचा नाही. खड्ड्याचं म्हणाले, बघू. मला माहीत आहे, लिहून देणं आणि पाळणं यात फरक आहे. म्हणून टाकीच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला तपासायचं डॉक्टरबाईंनी स्वतः अंगावर घेतलंय. दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. हे आता शेड सांभाळू शकत नाहीत, फाटकावरची नोंद बघतील.

तुला माझ्याबद्दल विचारायचं असेल, पण तू विचारणार नाहीस. मामा, तू वाचत होतास तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं तुझे कागद उलटत होते. ते धरावेत म्हणून मी उठले होते. दोन पावलं आले आणि थांबले. अजून तेवढंच अंतर आहे, दोन पावलांचं. आधी यापेक्षा खूप जास्त होतं.

ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणतात.

मुंगी

मामा, डाव्या हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. पुढच्या बुधवारी पाण्याचा पहिला नमुना घ्यायला माणूस येणार आहे. मॅनेजर त्याला भलताच नळ दाखवील. खरी पावडर मिसळते ती टाकी कुठली आणि तिचा नळ कुठे, हे मॅनेजर सोडला तर तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. मला एकट्याला तिथे जायला नको वाटतं. मंगळवारीच या. खोली एकच आहे, पण खाट तुमची. मी जमिनीवर झोपतो.